चुलाणातली साल

मी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो म्हैसूरच्या आमच्या घरात, गोंब्यांच्या पायऱ्यांच्या पायथ्याशी. खरा समुद्र पुढे पुष्कळ वर्षांनी पाहिला आणि खोटं कशाला सांगू, आमच्यापेक्षा जरा फिकाच वाटला. म्हैसूरचा दसरा म्हटलं की बाहेरच्या लोकांना हत्ती आणि दिवे आठवतात, पण आम्हा मुलींचा दसरा घरात असायचा. नवरात्र बसलं की लाकडी पायऱ्या रचायच्या, त्यांवर धुतलेलं पांढरं धोतर अंथरायचं आणि त्यावर बाहुल्या मांडायच्या. त्यांनाच आम्ही गोंबे म्हणायचो. सगळ्यांत वर आईच्या लग्नातली राजा-राणीची लाकडी जोडी, त्याखाली देव, मग वाजंत्री, शिपाई, वाणी-वाणीण. आणि अगदी खाली, जमिनीवर, ‘पार्क’. या पार्कवरून घराघरांत चुरस असे. कुणी चामुंडीचा डोंगर करी, कुणी आगगाडीचं स्टेशन, कुणी प्राणिसंग्रहालय. संध्याकाळी परकर-पोलकं घालून घरोघर जायचं, खिरापतीचं सुंडल, म्हणजे हरभऱ्याची उसळ, खायची आणि परतताना कुणाचा पार्क कसा फसला यावर मनसोक्त बोलायचं. आमचा पार्क दरवर्षी फसायचा. त्या वर्षी मात्र सगळा मोहल्ला आमच्या दारात उभा होता. ती हकिगत मला सांगायची आहे.

आमचं घर रंगाऱ्यांचं. किती पिढ्यांपूर्वी आम्ही इकडे आलो ते कुणालाच नीट सांगता येत नसे आणि कुणाला त्याची फिकीरही नव्हती. घरात मराठी बोलायचं, तीही अशी की प्रत्येक वाक्यात एखादा कन्नड शब्द पाहुण्यासारखा येऊन बसायचा. माझे आजोबा, म्हणजे तात्या, घराचे आणि धंद्याचे मालक. त्यांची नखं कायमची निळी. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढे केला की पुजारी अजून दचकतो, असं ते स्वतःच हसत सांगायचे. माझे वडील अप्पा कापडावर ठसे मारायचे. माजघरात दिवसभर ठक, ठक, ठक. त्या ठेक्यावर मी पाढे पाठ केले, आणि आजही सतराचा पाढा म्हणताना माझी मूठ आपोआप मांडीवर आपटते. मागच्या अंगणात निळीचे रांजण, रंगाची तांब्याची घंगाळं आणि एक मोठं चुलाण होतं. ते पहाटे पेटायचं ते दिवेलागणीलाच विझायचं. सॉमिलमधून पोत्यांनी येणारी झाडांची साल हे त्याचं जळण. लाकूड महाग, साल जवळजवळ फुकट. ढीग भिंतीला टेकून पडलेला असे आणि पावसाळ्यात ओल्या सालीचा धूर सगळ्या घरात भरे. आम्ही सगळे डोळे चोळत, खोकत, तात्यांना मनातल्या मनात नावं ठेवत असू.

आई मात्र त्या धुरात जाऊन बसायची. तांदूळ निवडायचे, चुलाणाशी. माझी वेणी घालायची, चुलाणाशी. शेवग्याच्या शेंगा सोलायच्या, तिथंच. मी रडायची, डोळे झोंबतात म्हणायची, तर ती माझं डोकं आणखी घट्ट धरायची. आमच्या घरात याचं उत्तर सगळ्यांना पाठ होतं. ती समुद्राकडची, तिला म्हैसूरची थंडी सोसत नाही.

आईचं माहेर काळखडप. देवगडच्या पुढे, डोंगर थेट समुद्रात उतरतो तिथलं गाव. वाळू नावाला नाही, सगळी काळी खडपं, म्हणजे पाण्यातून वर आलेले खडक. त्या प्रत्येक खडपाला नाव आणि प्रत्येक नावामागे गोष्ट. गलबताच्या खडपावर कौलांनी भरलेलं गलबत फुटलं होतं, म्हणून गावातल्या अर्ध्या घरांवर तीच फुकटची कौलं. सासूच्या खडपावर एक सून रुसून जाऊन बसली, भरती आली तशी सासू कमरेइतक्या पाण्यात तिला आणायला गेली आणि मग दोघी मिळून रात्रभर तिथं अडकल्या, भांडत. पडक्या खडपावर लाट आली की तोफ डागल्यासारखा आवाज होतो आणि नवी नवरी पहिल्या रात्री घाबरून उठते. आई या गोष्टी रंगात आली की सांगायची, पण तात्या अंगणात आले की गप्प व्हायची. त्याचं कारण होतं.

आईचे वडील, आबा, आमच्याच जातीचे, तेही रंगारी. पण त्यांचा रंग कपड्यांचा नव्हता. ते कोळ्यांची जाळी रंगवायचे. सुती जाळं खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ऐनाची साल कुटून, उकळून, त्या काढ्यात ते बुडवायचं. तांबूस-काळं झालेलं जाळं मग वर्षभर टिकतं. आई-अप्पांचं लग्न बेळगावात झालं, दोन्हीकडच्यांना मधलं पडावं म्हणून. त्यामुळे आमच्यातल्या कुणी समुद्र पाहिला नाही आणि त्यांच्यातल्या कुणी म्हैसूर. लग्नाच्या पंगतीत आबा मोठ्या हौसेनं तात्यांना म्हणाले की आपण दोघंही रंगारीच. तात्यांना चारचौघांत बोलायची खुमखुमी. ते म्हणाले, “जाळी उकळणं म्हणजे स्वयंपाक झाला, याही. रंगवणं नव्हे.” पंगत हसली. आबा भरल्या पानावरून उठले. त्यानंतर त्यांनी म्हैसूरची वाट धरली नाही आणि तात्यांनी कधी बोलावणं धाडलं नाही. माझं बारसं झालं, माझ्या धाकट्या भावाचं झालं, तरी आबा आले नाहीत.

त्या वर्षी नवरात्राच्या आधी मामाचं कार्ड आलं. त्याला बेंगळूरला काम होतं आणि आबा सोबत यायचं म्हणत होते. म्हातारपण आलं, एकदा पोरीला भेटून घेतो म्हणाले. मात्र उतरतील ते छत्रात, म्हणजे धर्मशाळेत. घरी फक्त भेटायला येतील, जेवायला नाही. आईनं कार्ड अप्पांकडून दोनदा वाचून घेतलं. मग पदराला हात पुसले आणि म्हणाली, “ह्या वर्षी पार्क मी करणार.”

त्या दिवसापासून घराला जे वारं लागलं ते आठवलं की आजही मला खुर्चीत बसवत नाही. आईला तिचं गाव करायचं होतं, अख्खं काळखडप, आबा दारातून आत आले की समोर दिसेल असं. तिच्या मनात काय होतं ते मला सांगायची गरज नव्हती. आपलं गाव समोर दिसलं की बाप बसेल, बसला की पाणी घेईल, पाणी घेतलं की जेवेल. एवढंच तिला हवं होतं, एक जेवण. मी आणि भाऊ जवळच्या तळ्यावरून चिकणमाती आणायचो. आई खडपं करायची आणि प्रत्येक खडप करताना त्याची गोष्ट सांगायची. सासूचं खडप तिनं मोडून पुन्हा केलं, कारण सुनेला बसायला जागा नीट होत नव्हती. कोळशाची पूड लावून ती काळी केली. अप्पांनी ठशाच्या लाकडाचे तुकडे तासून होड्या केल्या. माझ्या वर्गातल्या मुली शाळा सुटल्यावर सरळ आमच्याकडे यायच्या आणि खडपांची नावं म्हणायच्या. त्यांतल्या एकीनं घरी जाऊन सासूच्या खडपाची गोष्ट तिच्या आजीच्या देखत सांगितली आणि मार खाल्ला.

उरला समुद्र. तो कापडाचा करायचा आणि रंगवायचा, म्हणजे तात्यांकडे जाणं आलं. आई जाईना. शेवटी तात्याच एका सकाळी येऊन खडपांपुढे उभे राहिले, कमरेवर हात ठेवून. ते म्हणाले, “पाण्याचा रंग कसला? निळाच की. अल्लवा, नाही का?”

आई जमिनीकडे बघत म्हणाली, “निळा नव्हे, मामंजी.”

तात्यांचा धंदाच निळीचा. त्यांनी एक तुकडा रंगवून आणला. आईनं मान हलवली. दुसरा आणला, हळदीचा हात देऊन हिरवट केलेला. आई म्हणाली, हा खाडीचा, समुद्राचा नव्हे. तात्या चिडले, मग हट्टाला पेटले. गिऱ्हाइकांच्या साड्या रांजणात तशाच राहिल्या आणि तात्या समुद्राच्या मागे लागले. सकाळचा वेगळा, दुपारचा वेगळा, खडपाजवळ काळपट, लांब फिका, लाट फुटते तिथं पांढरा. आई एकेक सांगायची, तात्या ऐकायचे आणि मान डोलवत रांजणाकडे जायचे. सासरा आणि सून इतकं सलग बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. ज्या दिवशी तो लांब कपडा दोरीवरून काढून खडपांभोवती पसरला, चुण्या पाडल्या आणि काठाला पिंजलेल्या कापसाचा फेस लावला, त्या दिवशी आई उभीच राहिली. तात्यांनी वाट पाहिली आणि म्हणाले, “आयतु की नाही ते तरी सांग.” ती म्हणाली, “आयतु.” म्हणजे जमलं. तात्या अंगणात गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उगीच हात धूत राहिले. तोंडानं चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी समुद्र रंगवला. मला ते तेव्हाही कळलं होतं.

आबा आले. मामानं त्यांना हाताला धरून रिक्षातून उतरवलं आणि तो बेंगळूरच्या गाडीला पळाला. उंच, काटक, अंगात पांढरा सदरा, खांद्याला पिशवी. त्या पिशवीतून आमसुलं, फणसाची साठं, उकडे तांदूळ निघाले आणि तळाशी सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची, एक पुडी, नवरात्रात. आईनं ती झटकन लाकडाच्या पेटीत दडवली, तरी वासानं शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतलीच. मोहल्ल्यातल्या बायका-मुली दारात दाटल्या होत्या. आईनं आबांचा हात धरला आणि त्यांना पार्कपुढे उभं केलं. कपाळाचं कुंकू फिसकटेल इतका घाम तिला आला होता. “आबा,” ती म्हणाली, “बघा.”

आबांनी पाहिलं. त्यांचा चेहरा समुद्राकडे होता, पण नजर जरा वरच, राजा-राणीच्या अंगावरून भिंतीवर. ते म्हणाले, “बरां आसा.” मग थांबून हळूच, “चेडवा, माका दिसणा नाय गो. मोतीबिंदू पिकलो. उजेड तेवढो कळता.”

मामानं कार्डात हे लिहिलंच नव्हतं. आईच्या तोंडावरचा आनंद पुसला गेला तो मी अगदी जवळून पाहिला, आणि मला त्या वयात इतका राग आला की मी मामाच्या नावानं बोटं मोडली. दारातल्या बायका एकेक करून सटकल्या. तात्या आतल्या दाराशी उभे होते, पाहुण्यापुढे यावं की न यावं अशा बेतात. त्यांच्या निळीच्या सगळ्या खटपटीचा ज्याच्यासाठी अट्टहास, त्याला ती दिसतच नव्हती. आबांनी पाणी नको म्हटलं. प्रवासात पाय मळलेत, ते धुतो आणि छत्रात जातो, एवढंच म्हणाले. अप्पांनी त्यांना मागच्या अंगणात नेलं.

आम्ही मागोमाग गेलो. आबांनी पाय धुतले, धोतर झटकलं, आणि वळताना त्यांचा हात सालीच्या ढिगावर पडला. तो तिथंच थांबला. त्यांनी एक तुकडा उचलला, बोटांनी आतली बाजू चाचपली, नाकाला लावला. मग चक्क चावला. आम्ही बघत राहिलो. त्यांनी थुंकी टाकली आणि त्यांचा आवाज पार बदलला.

“ही ऐनाची साल. ही हयसर खंयसून इली?”

अप्पांनी सांगितलं की सॉमिलमधून येते, इथं त्या झाडाला मत्ती म्हणतात, जंगलातून गाड्या भरभरून येतं, म्हैसुरात अर्ध्या घरांच्या चौकटी त्याच्याच.

“आणि तुमी काय करतास तेचां?”

शेजारी चुलाण धडधडत होतं. शेवटी मीच म्हणाले, “जाळतो.”

आबा जळणाच्या उजेडाकडे तोंड करून उभे राहिले आणि मग त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग सगळं अंग. जन्मभर ज्या सालीसाठी त्यांनी घाट चढला, डोक्यावरून भारे वाहिले, ती साल आम्ही रंगारी लोक पोत्यांनी आणून रंगाच्या भांड्याखाली सारत होतो. त्यांनी जे भांड्यात घातलं ते आम्ही भांड्याखाली घातलं. अप्पाही हसले. मग आबा एकदम थांबले आणि आईकडे वळले. तिला हे ठाऊक नव्हतं काय, असं त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, “माका पयल्या दिवसापासून ठावक आसा.”

तिची ती भाषा मी पहिल्यांदाच ऐकली. मग ती आमच्या मराठीत बोलायला लागली, अगदी शांतपणे, शेंगा सोलताना बोलावं तशी. म्हणाली, “सांगून काय होणार होतं? उकळणं म्हणजे स्वयंपाक, हे लग्नातच ठरलं होतं की. पण ओली साल पेटली की काळखडपच्या आमच्या अंगणाचा वास येतो. म्हणून मी बसते इथं. मला थंडी कधी वाजली नाही.”

इतकी वर्षं धुरात घातलेल्या माझ्या त्या सगळ्या वेण्या. मी रडायची आणि ती माझ्या डोक्यावरून माहेर हुंगत बसायची. हे लिहिताना चामराजपुरमच्या माझ्या फ्लॅटमध्ये गॅसच्या शेगडीवर दूध ठेवलंय, ते उतू गेलं तरी चालेल, पण हे वाक्य आधी लिहायला हवं होतं.

तात्या दारातून सगळं ऐकत होते. ते आत गेले. भांडी हलल्याचा आवाज आला आणि ते बाहेर आले ते तांब्याचं मोठं घंगाळ छातीशी धरून. ते त्यांचं खास, लाल रंगाचं. अप्पांनाही त्याला हात लावायची परवानगी नव्हती. त्यांनी ते आबांच्या पुढ्यात ठेवलं आणि घसा खाकरला.

“लोखंडात साल काळी पडेल असं मला वाटतं. तांबंच हवं. हौदु?”

आबांनी वाकून घंगाळाच्या काठावरून बोट फिरवलं, टिचकी मारली, नाद ऐकला. “होय,” म्हणाले. “तांबांच होयां.”

मग जी धमाल उडाली ती काय सांगू. आबांच्या पिशवीत त्यांचं शेवटचं सुती जाळं होतं, पांढरंच राहिलेलं. गावात नायलॉनची जाळी आली, रंगवायला कुणी येईना, आणि हे एक त्यांनी आईसाठी आठवण म्हणून आणलं होतं. उखळ बाहेर आलं. अप्पा कुटायला, मी आणि भाऊ साल निवडायला, आई पाणी ओतायला. आबा पाटावर बसून नाकानं हुकूम सोडत होते. आता पाणी घाला, आता जाळ कमी, आता नुसतं ढवळा. तात्या धोतर खोचून ढवळत होते आणि प्रश्नामागून प्रश्न विचारत होते. तुरटी चालते काय, उन्हात वाळवायचं की सावलीत, दुसरा हात कधी द्यायचा. घामानं दोघांचे सदरे भिजले. छत्राची आठवण कुणालाच राहिली नाही. मगाशी गेलेल्या बायका वासानं परत आल्या आणि कुंपणावरून माना काढून उभ्या राहिल्या. काढा उकळून तांबडा झाला, जाळं बुडालं, आणि तात्या घंगाळात वाकून बघता बघता सहज बोलून गेले, “अजून किती शिजवायचं?”

शब्द बाहेर पडला आणि त्यांच्या हातातला दांडा थांबला. आईनं माझा दंड पकडला. अप्पांनी मान खाली घातली. 

आबांनी तोंड वर केलं. “शिजांदे, याही,” ते म्हणाले. “शिजल्याशिवाय रंग चढणा नाय.”

तात्या हसले. नेहमीसारखे चारचौघांसाठी नव्हे, एकट्यानंच. मग ते आईला म्हणाले की दोन पानं वाढ, शेजारी शेजारी. आबांनी चित्रान्न खाल्लं, हुळी, म्हणजे आमची आमटी, आणि भात खाल्ला, होळीगे, म्हणजे पुरणपोळ्या, नको नको म्हणत तीन खाल्ल्या आणि भातात आमसूल नाही याबद्दल तक्रारही केली. आई वाढताना पुन्हा पुन्हा आत जायची आणि डोळे पुसून यायची. तिला विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यांत. धुराची तक्रार तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केली.

संध्याकाळी वाळलेलं जाळं पार्कमध्ये न्यायचं ठरलं. आबा खाली मांडी घालून बसले आणि त्यांनी हात पुढे केला. बोटं चिकणमातीवर फिरायला लागली. “ह्यां गलबताचां,” ते म्हणाले. “ह्यां पडक्या. आणि ही... ही सासू मां गो?” सगळी खडपं त्यांनी ओळखली. एकच उचलून अंगठाभर डावीकडे सरकवलं, आणि आईनं कपाळावर हात मारून कबूल केलं की हो, ते तिथंच. मग त्यांनी जाळं निळ्या समुद्रावर पसरलं. तात्यांनी त्यांचा हात धरून पाणी कुठं गडद आहे आणि कुठं फिकं, हे त्यांना सांगितलं, लांबीरुंदीसकट. दाराशी जमलेल्यांना तो पार्क फार दिवस पुरला. आबा विजयादशमीचं सोनं घेऊनच गेले आणि त्यांचे तळवे तोवर तांबडेच होते.

माझा नातू कडकोळच्या एका कारखान्यात आहे, तिथं रंग मशीन मिसळतं. नवरात्रात मी अजून चार पायऱ्या मांडते आणि पायथ्याशी ते जाळं पसरते. निळा कपडा विरून गेला, जाळं अजून आहे.

आबा गेल्यानंतरच्या आठवड्यात तात्यांनी सॉमिलवाल्याला निरोप धाडला की यापुढे जळणाला दुसरं काहीही दे, मत्तीची साल वेगळी ठेव. ती रंगासाठी. कोपऱ्यात तिची पोती नीट रचली गेली आणि चुलाणात लाकडाचा भुसा जळायला लागला. आई तांदूळ निवडायला स्वयंपाकघरात बसू लागली. तात्यांनी ते दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी पहाटे मी उठले तेव्हा ते अंगणात एकटेच होते. त्यांनी पोत्यातून सालीचा एक तुकडा काढला, पाण्यात बुडवून ओला केला आणि चुलाणात टाकला. मग आत तोंड करून, कुणाचंच नाव न घेता, मोठ्यानं खोकले.

आई सूप घेऊन बाहेर आली आणि तिच्या जागेवर बसली. तात्या होते तोवर हे रोज चाललं.